आप्पांचा मेसेज दुप्पट वेगात

मंडळी, स्वतःला सुधारायची पुस्तकं मी दुप्पट वेगानंच ऐकतो. लई पाल्हाळ असतं त्यांच्यात, पळवली तरी काही बिघडत नाय.

आज सकाळी पैठणहून वडिलांचा, आप्पांचा, व्हॉइस मेसेज आला. सवयीनं तोही तसाच पळवला. "काय नाय रे, बरा हाय. जमलं तर येऊन जा." मी अंगठा पाठवला आणि पुन्हा पुस्तक लावलं.

दुपारपर्यंत त्यांनी अंगठा बघितलाच नाही, म्हणून मेसेज परत ऐकला, साध्या वेगात. दर दोन शब्दांनंतर आप्पांना धाप लागत होती.

आता पैठणच्या एसटीत आहे. आप्पा फोन उचलत नाहीत. शेजारच्या काकू बघायला गेल्यात.

तुमच्या घरच्यांचा शेवटचा मेसेज कोणत्या वेगात ऐकला होता?