कर्नलकाकू आणि शेजारची बंद कोठी

साचलेलं पाणी दिसलं की ते ओतून टाकल्याशिवाय कर्नलकाकूंना पुढे पाऊल टाकवत नसे. मग ते पाणी कोणाचं का असेना. एकदा एका लग्नाच्या मांडवात, दाराशी ठेवलेल्या शोभेच्या घंगाळातलं गुलाबपाकळ्यांचं पाणी त्यांनी पैठणीचा पदर खोचून सरळ हिरवळीवर ओतून दिलं. ते घंगाळ आदल्या आठवड्यातल्या साखरपुड्यापासून तिथेच होतं, हे त्यांनी येतायेताच विचारून घेतलं होतं. यजमान बघत राहिले. काकूंनी रिकामं घंगाळ त्यांच्या हातात दिलं आणि जेवायला गेल्या.

कर्नल हा हुद्दा काकांचा, पण हुकूम सगळे काकूंचे. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि बोलायला अगदी मऊ माणूस. काकू मूळच्या कराडच्या. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अर्धा देश पालथा घालून दोघं शेवटी चंडीगढला स्थिरावली होती. त्यांचं मागचं अंगण आणि आमचं भाड्याचं घर यांच्यामध्ये फक्त एक बोळ. मी सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. क्लास दुपारचा, त्यामुळे सकाळी कपडे वाळत घालताना काकूंचं अंगण आणि काकूंचा आवाज दोन्ही मला रोज मिळत. माझा स्वतःचा मुलगा मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतो. अशा गावात कोणी मराठीतून डासांचा उद्धार करत असेल, तर तोही कानाला गोड लागतो.

काकांना दमा होता. खोलीत कोंडून घेतलं की त्यांचा जीव घाबरा होई, म्हणून दिवसाचा बराचसा वेळ ते मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाजवळ वेताच्या खुर्चीत बसत. आणि धूर त्यांना अजिबात सोसत नसे. म्हणजे कॉइल नाही, फवारा नाही, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी नाही. लोकांना हे कळत नसे असं नाही, पण फुकटचा सल्ला द्यायची हौस कोणाला नसते? येईल तो धुरीची कृती सांगून जाई. काकू ऐकून घेत आणि म्हणत, "धूर केला की डास जाईल आणि माझा माणूसही जाईल. मग अंगणात बसवू कोणाला, कुंड्यांना?"

फौजेत सूर्य मावळला की बाह्या खाली करायचा रिवाज असतो. हिवतापाचा डास अंधार पडल्यावर चावतो, म्हणून. काकूंनी हा रिवाज घरात इतका भिनवला होता की संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जाणाऱ्याला आधी पूर्ण बाह्यांचा शर्ट मिळे आणि मग चहा. माझ्या नवऱ्याने काकांचे दोन जुने शर्ट असे घालून पाहिले आहेत. पाहुण्यांत कोणी कुरकुर केली, तर त्याचा कप ट्रेमध्येच राही.

आणि एवढं करून काकांना डेंग्यू झालाच. सेक्टर बत्तीसच्या इस्पितळातून ते सुखरूप घरी आले, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा डास दिवसाढवळ्या चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. संध्याकाळी बाह्या खाली करणारे काका सकाळी मात्र अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर पेपर वाचत बसायचे. काकूंच्या अंगाची लाही लाही झाली. "एवढी वर्षं दिवेलागणीला बाह्या खाली केल्या," त्या मला म्हणाल्या, "आणि हा मुडदा सकाळी ऊन खात चावतो. आम्हांला सांगायला काय झालं होतं कोणाला?" डॉक्टरीणबाईंनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती. या विषाणूचे प्रकार असतात, आणि दुसऱ्या प्रकाराने पुन्हा गाठलं तर ते या वयात आणि या छातीला जड जाऊ शकतं. हे मात्र काकू कोणाला बोलून दाखवत नसत. मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

तेव्हापासून त्या घरात उजाडल्यापासूनच बाह्या खाली असत, जून महिन्यातसुद्धा. चंडीगढचा जून ज्याने पाहिला आहे त्याला काकांची दया येईल. पण काका नुसते हसायचे आणि म्हणायचे, "निवृत्ती फौजेने दिली, हिने नाही दिली."

काकूंचे उपाय सगळे घरातल्याच वस्तूंचे. मच्छरदाणी विटली की तिचे तुकडे करून टाकीच्या ओसंडणाऱ्या पाण्याच्या नळीला आणि गटाराच्या तोंडाला घट्ट बांधायचे. जे चेंबर उपसता येत नाही त्यात तळणीच्या उरलेल्या तेलाचा चमचा. कमळाच्या टाक्यात गप्पी मासे. काकांच्या पायाशी जुना टेबलपंखा, कारण डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही. दर रविवारी कूलर रिकामा करून तो आतून काथ्याने खसाखसा घासायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, हे मी वर्गात शिकवते. पण काथ्या हातात धरलेला माणूस मी काकूंशिवाय दुसरा पाहिला नाही. मोबाइलवर मात्र सगळे शूर. कापलेल्या लिंबात लवंगा खोचून ठेवा, डास पळतील, असा निरोप कॉलनीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात फिरतो. काकूंनी तोही करून पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांना त्याच लिंबावर डास बसलेला दिसला. त्यांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "लवंग आवडली." आठवड्याभराने ग्रुपवर तोच निरोप पुन्हा आला.

त्यांचा सगळ्यांत लाडका उपाय म्हणजे काळी बादली. गडद रंगाच्या बादलीत वाळकं गवत भिजवलेलं पाणी, आणि कडेला आतून लोंबणारी जुन्या टॉवेलची पट्टी. डासाची मादी नेमकी तिथेच अंडी घालायला येते. रविवारी बादली तापलेल्या फरशीवर उपडी करायची, पट्टी उकळत्या पाण्यात बुडवायची, की पुढची पिढी खलास. काम हुशारीचं, पण रविवार चुकवून चालत नाही. काकूंचा कधी चुकला नाही. तापाने फणफणलेल्या असताना त्यांनी ती बादली उपडी केलेली मी पाहिली आहे.

पण डास काय फक्त काकूंच्या अंगणातले होते? भिंतीला भिंत लागून शेजारची कोठी होती. इथे बंगल्याला कोठी म्हणतात. मालक सहकुटुंब कॅनडात. फाटकाला कुलूप, भिंतींवर कॅमेरे, आणि गच्चीवर झाकणं उडालेले दोन कूलर, वर तोंड करून पावसाची वाट बघणारे. अशा कोठ्या या शहरात गल्लोगल्ली आहेत. चोराने काही नेऊ नये म्हणून पहारा कडक असतो, पण घरातून बाहेर काय जातं याची विचारपूस कोणी करत नाही. काकूंनी आरोग्य खात्याकडे तक्रारी केल्या. उत्तर मिळालं की मालक हजर असल्याशिवाय आत जाता येत नाही.

मग एका पावसाळी सकाळी डास तपासणीच्या पथकातले दोघे बोळात आले. काकूंना आनंद झाला. त्यांनी फाटक उघडलं, माणसांना पाणी दिलं, अंगणभर फिरवून एकेक गोष्ट दाखवली, आणि शेवटी कौतुकाने ती काळी बादली पुढे केली. शनिवार होता. बादलीत अळ्या वळवळत होत्या, वळवळणारच, त्यासाठीच ती ठेवली होती. पथकातल्या माणसाने बॅटरी मारली, मान हलवली आणि पिशवीतून लाल नोटीस काढून काकूंच्या फाटकावर चिकटवली. काकू समजावत होत्या, मीही धावत जाऊन समजावलं. तो म्हणाला, "मैडम, लार्वा तो मिला है।" मी शेजारच्या कोठीकडे बोट केलं. तो शांतपणे म्हणाला, "वहाँ तो ताला है जी।"

या वाक्यावर मला आजही संताप येतो. ज्याने दार उघडलं तो गुन्हेगार, आणि ज्याने कुलूप लावलं तो निर्दोष. काकू त्या दिवशी ओरडल्या नाहीत. नोटीस त्यांनी फाडलीही नाही. फौजी घराला ती नामुष्की किती लागली असेल हे काकांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं होतं आणि ते बराच वेळ पान उलटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार. नेहमीची बादली उपडी करून झाल्यावर काकू हातात काथ्या घेऊन गच्चीवर गेल्या, कठड्यावर बसल्या, पाय पलीकडे टाकले आणि बंद कोठीच्या गच्चीवर उतरल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. मी खालून बघत होते आणि हाक मारायचीही छाती होत नव्हती. पहिला कूलर त्यांनी आडवा केला तसं हिरवट पाणी गच्चीभर पसरलं. दुसऱ्याला हात घातला आणि भिंतीवरचा कॅमेरा बोलायला लागला. मालकाने कॅनडातून मोबाइलवर त्यांना पाहिलं होतं. "आंटी जी, तुसी साडी छत्त ते की कर रहे हो?" आमच्या गच्चीवर काय करताय, असं तो पंजाबीत विचारत होता.

काकू कंबरेवर हात ठेवून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "मच्छर मार रही हूँ, पुत्तर," त्या म्हणाल्या. "आपके ही हैं। चाहिए तो भेज दूँ?" आणि त्यांनी दुसरा कूलरही आडवा केला.

बोळातले सगळे पोट धरून हसले. मीही हसले. पण आठवड्याच्या आत मालकाचा कोणी नातेवाईक मोहालीहून आला, सामायिक कठड्यावर काटेरी तार मारून गेला, आणि पुन्हा कोणी गच्चीवर आलं तर पोलिसांत जाईन असं काकांना ऐकवून गेला. तार मारायला वर जायला त्याला वेळ होता, कूलरवर झाकणं बसवायला नव्हता. जाताना त्याने आडवे कूलर उचलून पुन्हा सरळ उभे केले. कारण काय, तर आडवे बरे दिसत नाहीत. पुढचे दोन महिने पाऊस त्यांत पडत राहिला.

ऑक्टोबरात काकांना ताप आला. कुठला डास चावला हे सांगता येत नाही, मी जीवशास्त्राची शिक्षिका आहे, मला ते माहीत आहे. तो त्या गच्चीवरचा असेल, रस्त्यापलीकडचा असेल. पण बाह्या खाली होत्या, पंखा चालू होता, अंगणात कुठे चुकूनही पाणी साचलेलं नव्हतं, आणि काका सेक्टर बत्तीसच्या त्याच इस्पितळात गेले ते परत आले नाहीत. डॉक्टरांनी त्यांच्या परीने सगळं केलं. काकू त्यांचा हात धरून बसल्या होत्या आणि हातावरची बाही मनगटापर्यंत ओढून सारखी करत होत्या.

भेटायला येणारे अंगणातच बसत. त्यांच्यासमोर रविवारी काकू उठल्या आणि कूलर घासायला लागल्या. कोणीतरी, चांगल्या मनानेच, म्हणालं की आता हे कशाला, कोणासाठी करायचं. काकूंनी काथ्या थांबवला नाही. "यांना चावून झालं म्हणून डास काही निवृत्त झाला नाही," त्या म्हणाल्या. "बोळात पोरं खेळतात की." मग त्या रडल्या, आणि रडतानाही घासत राहिल्या.

पुढल्या मार्चमध्ये मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. निघायच्या आधीचा सगळा आठवडा काकूंनी घर सुकवण्यात घालवला. टाकी उपसली, कूलर देऊन टाकला, कुंड्या वाटल्या, मासे माझ्या टाक्यात सोडले, कमोडचं झाकण लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. मुलीला वाटलं आई दुःखाने भरकटली आहे. तसं नव्हतं. गाडीत बसायच्या आधी काकूंनी फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अगं, माझंही आता बंद घर झालं. त्या कॅनडावाल्यात आणि माझ्यात फरक राहिला पाहिजे, तेवढं तू बघ." मी किल्ली घेतली.

या पावसाळ्यात पथक पुन्हा आलं. ते येणार हे आदल्या दिवशीच कॉलनीच्या ग्रुपवर कळलं होतं. माणूस तोच होता. मी काकूंचं फाटक उघडून त्याला घरभर फिरवलं. काही सापडलं नाही. त्याने विचारलं इथे कोण राहतं, मी म्हटलं कोणी नाही. तो जरा चकित झाला, शेजारच्या फाटकाशी गेला, कुलूप हलवून पाहिलं आणि पुढे निघाला. मी वर्गातसुद्धा आवाज चढवत नाही. पण त्या दिवशी बोळाच्या तोंडाशी जाऊन मी त्याच्या वाटेत उभी राहिले आणि सांगितलं की या घराच्या गच्चीवरून त्या गच्चीवर जाता येतं, तार मी सकाळीच पक्कडीने कापली आहे, पोलिसांत कोणाला द्यायचं असेल तर माझं नाव लिहून घ्या, आणि तुम्ही वर गेल्याशिवाय मी इथून हलणार नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, जोडीदाराला हाक मारली आणि तो काकूंच्या घराचा जिना चढायला लागला.