उजवं तीन

“झालं ते झालं. पुढचं सांग.”

हे तिचं वाक्य. कोणी सासूची तक्रार घेऊन आलं की दोन मिनिटांत हे ठरलेलं. डॉक्टर रिपोर्ट वाचायला लागले तरी हेच. एकदा आम्ही दोघी एका घरी सांत्वनाला गेलो होतो. त्या घरातल्या वहिनी नवऱ्याचं आजारपण पहिल्या तापापासून सांगत होत्या आणि ही माझ्या शेजारी चटईवर बसून उजव्या पायाचा अंगठा फरशीवर दाबत होती. मी मनातल्या मनात हात जोडले, पण व्हायचं ते झालंच. “वहिनी, पुढचं सांगा ना. मुलीच्या कॉलेजचं काय करताय?” बाकीच्या बायकांनी वळून आमच्याकडे पाहिलं. वहिनींनी मात्र डोळे पुसले आणि कॉलेजचं बोलायला लागल्या. तिला वाईट वाटायचं नाही असं नाही. तिला थांबता यायचं नाही, एवढंच.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला तुम्ही राहत असाल, तर तुम्ही तिला नक्की पाहिलं असेल. कापलेले केस, पंजाबी ड्रेसवर कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. स्टेशनजवळ तिचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. वर्षानुवर्षं त्या ब्रेकची सवय झाल्यामुळे ती रिक्षात बसली तरी पाय दाबायची, नाटकाला गेली तरी दाबायची. आख्खं कोपर तिला मॅडम म्हणायचं. मी ताई म्हणायचे.

मी एका शाळेत क्लार्क. पस्तिशीला आल्यावर गाडी शिकायची हौस आली म्हणून तिच्याकडे नाव घातलं. तीन आठवड्यांत मी एवढंच शिकले की आपल्याला गाडी येणार नाही. क्लच सोडला की गाडी उडी मारायची. “अगं, पाय आहे का मुसळ?” ती ओरडायची. शिवाय मला रस्त्यापेक्षा दुकानांच्या पाट्यांत जास्त रस. दिसेल ती पाटी मी वाचायचे. दुसरी एखादी असती तर तिने फी परत देऊन हाकललं असतं. हिने मात्र एका रविवारी मला ठाण्याला, कोलशेतला नेलं. तिचे वडील तिथल्या एका कंपनीत ट्रक चालवायचे, आणि खाडीकडच्या मोकळ्या मैदानात तेराव्या वर्षी ही त्यांच्याकडून स्टिअरिंग धरायला शिकली होती. तिने मला शेजारी बसवलं आणि हातात पेपर दिला.

“वाच. मोठ्याने. थांबायचं नाही.”

मी अग्रलेख वाचायला घेतला आणि तिने गाडी सोडली. खड्डे, धूळ, गरगर फिरणारी गाडी. अग्रलेख संपला, मी वाचकांच्या पत्रांवर आले, तेव्हा ती थांबली.

“मळमळतंय?”

“नाही.”

“डोकं फिरतंय?”

“नाही हो. पण पत्र अर्धंच राहिलं.”

ती एवढी हसली की तिला खोकला लागला. “उद्यापासून गाडी शिकायची नाही. माझ्या बाजूला बसायचं.”

त्या दिवशी मला कळलं की ही बाई रॅली चालवते. तोवर शनिवार-रविवारी क्लास बंद असायचा तो तिच्या नातेवाइकांमुळे, असंच आम्हाला वाटत होतं.

रॅली म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. सगळ्या गाड्या एकत्र धावत नाहीत. डोंगरातला रस्ता बंद करतात आणि एकेक गाडी सोडतात. घड्याळाशी स्पर्धा. आदल्या दिवशी त्याच रस्त्यावरून सावकाश जायचं. चालवणारी एकेक वळण सांगते, बाजूची वहीत लिहिते. एक म्हणजे जवळजवळ मागे फिरणारं वळण, सहा म्हणजे नावापुरतं. दुसऱ्या दिवशी सुसाट वेगात बाजूचीने ते वाचायचं, चालवणारीने चालवायचं. ‘ऐंशी, डावं चार. पन्नास, उजवं दोन, दगड.’ म्हणजे ऐंशी मीटरवर डावीकडे चार नंबरचं वळण, पुढे पन्नास मीटरवर उजवीकडे दोन नंबरचं. आत घुसून वळण मारायचं नसेल तिथे ‘कापू नको’. बाकीच्या जोड्या इंग्रजीत वाचायच्या. ताईला मराठीच हवं असायचं. वेगात कानाला दुसरी भाषा पचत नाही म्हणायची.

“एक लक्षात ठेव,” तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. “डोळ्याला वळण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मी डोळ्यावर नाही चालवत. तुझ्या तोंडावर चालवते.”

मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. शाळेत माझ्या तोंडावर कोणी काही करत नसे.

तिच्या क्लासच्या भिंतीवर दोन चित्रं होती. एक बुद्धाची तसबीर. दुसरं मासिकातून कापलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. बर्फात उभी असलेली एक बाई, हेल्मेट काखेत, नाक लाल. फिनलंडची रेसिंग ड्रायव्हर. ताई आणि ती एकाच वयाच्या. तिच्या गावात म्हणे पोरी गोठलेल्या तळ्यावर गाडी शिकतात. ताईने तिच्या आख्ख्या कारकीर्दीवर अशी नजर ठेवली होती, जशी एखादी परगावी दिलेल्या बहिणीची खबर ठेवते. “आमच्या फिनलंडवालीला यंदा गाडीच मिळाली नाही गं,” असं ती चहा ओतता ओतता सांगायची. मग “पाठ दुखावली तिची, सहा महिने झोपून आहे.” मग “उठली! आता ट्रकच्या रेसमध्ये उतरलीय. ट्रक, बोल!” क्लासला येणाऱ्या एका आजींना वाटायचं, मॅडमची नणंद परदेशात आहे. त्या तिच्या पाठीसाठी तेलसुद्धा सुचवून गेल्या.

आम्ही दोघी चार वर्षं धावलो. जुनी गाडी, पॅच मारलेला बंपर. कधी तिसऱ्या, कधी गाडी बंद पडून घरी. आणि मग ते वर्ष आलं. त्या वर्षी बायकांच्या गटात पहिल्या येणाऱ्या जोडीतल्या ड्रायव्हरला महिनाभर फिनलंडला पाठवणार होते, तिथल्या जंगलातल्या रस्त्यांवर शिकायला. ताई तेव्हा एक्केचाळीस वर्षांची. हे पुन्हा मिळणार नाही, हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तिने पासपोर्ट काढला. स्वेटर घेतला. डोंबिवलीतल्या मे महिन्यात तो घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि घामाघूम झाली.

शेवटच्या रॅलीत, शेवटचा टप्पा उरला तेव्हा आम्ही अकरा सेकंदांनी पुढे होतो.

आता माझं सांगते. इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या टप्प्याच्या नोट्स लिहिताना ताईने एका वळणाचा आकडा बदलला होता. आधी ‘उजवं चार’ म्हणाली, दुसऱ्या फेरीत म्हणाली, “नाही, तीन कर. चढाच्या पलीकडे आहे, दिसतच नाही. तीन, कापू नको.” मी चार खोडून तीन लिहिलं. पान बरबटलं. आता, मी क्लार्क. जनरल रजिस्टरमध्ये नोंद चुकली तर आमच्या शाळेत खाडाखोड चालत नाही. पांढऱ्या कागदाची पट्टी कापायची, डिंक लावायचा, वर चिकटवायची आणि सुवाच्य अक्षरात लिहायचं. वीस वर्षांची सवय. दुसऱ्या दिवशी टप्पा सुरू व्हायला अर्धा तास होता. माझ्या पर्समध्ये डिंकाची बाटली होतीच.

ताईने पाहिलं. “अगं, खोड राहू दे ना. मला काय मार्क द्यायचेत?”

“दोन मिनिटं,” मी म्हणाले. पट्टी झकास बसली. मी वही मिटली.

डिंक पट्टीच्या कडेने बाहेर आला होता. दोन पानं एकमेकांना चिकटली.

चढ आला. गाडी गर्जत होती. ‘चढ, पलीकडे दिसत नाही’ वाचून मी पान उलटलं. दोन पानं उलटली. समोर माझं सुंदर अक्षर होतं: ‘सरळ, दीडशे, पूर्ण.’ मी ते ठणठणीत आवाजात वाचलं. पूर्ण म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचाच नाही.

तिने नाही उचलला.

चढावरून गाडी हवेत गेली. खाली आली तेव्हा रस्ता उजवीकडे गेलेला होता आणि आमच्यासमोर करवंदीची जाळी होती. गाडी दोनदा उलटली. धूळ बसली तेव्हा आम्ही दोघी सीटच्या पट्ट्यांना उलट्या लटकत होतो. तिचं खांद्याचं हाड मोडलं होतं. ती पहिलं वाक्य काय बोलली? “तू बरी आहेस ना?” मी हो म्हणाले. “मग पुढचं सांग. दार उघडतंय का तुझ्या बाजूचं?”

आयोजकांचा माणूस कागद घेऊन आला, तेव्हा ती खांदा धरून म्हणाली, “मी ब्रेक उशिरा मारला. लिहा.” मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. तिला गाडीची मदत करणारा टायरवाला म्हणाला, बायकांना शेवटी प्रेशर झेपत नाही. तिने तेही ऐकून घेतलं.

मी भित्री आहे. मी ती वही शाळेच्या कपाटात, रद्द झालेल्या हजेरीपटांच्या खाली ठेवली आणि कुलूप लावलं. मला खात्री होती की तिला काही कळलेलं नाही. वेगात वाचलेलं कोणाला आठवतं? ती परत रॅलीला उतरली नाही. गाडी भंगारात गेली. आम्ही चहा प्यायचो, ती फिनलंडवालीच्या खबरा द्यायची, तिचा पाय टेबलाखाली फरशी दाबत राहायचा, आणि दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. मी सांगितलं नाही. त्या पायाचा आवाज मला घरी गेल्यावरही ऐकू यायचा.

मधल्या काळात तिने मला गाडी शिकवली. तिसऱ्या प्रयत्नात लायसन्स मिळालं. “चमत्कार आहे,” ती म्हणाली आणि सगळ्या क्लासला पेढे वाटले.

मग तिला काचबिंदू झाला. बाजूचं दिसेना. एक दिवस शिकवताना डाव्या बाजूची भाजीची हातगाडी तिला दिसलीच नाही. शिकणाऱ्या मुलीने स्वतःच ब्रेक मारला म्हणून वाचले. त्या मुलीला ती शाबास म्हणाली, क्लासवर आली आणि शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी उघडलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. धाकटी बहीण खडवलीला राहते, तिच्याकडे जायचं ठरलं.

सोडायला मी गेले. माझी गाडी, चालवणारी मी. ती डाव्या बाजूला, मांडीवर फिनलंडवालीचं फ्रेम केलेलं चित्र.

“कळलं का?” ती कल्याण सुटल्यावर म्हणाली. “आमच्या बाईने रेस सोडली. तळ्यावर पोरांना शिकवते आता. शेवटी तीही क्लासच काढून बसली गं!” आणि मनापासून हसली.

टिटवाळ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला. तिने डोळे मिटले. पाय हलायला लागला, आणि ती हळूच बोलायला लागली. “ऐंशी, डावं चार. पन्नास, उजवं दोन, दगड. साठ, डावं पाच...” मी वेग कमी केला. तो शेवटचा टप्पा होता. एकही आकडा चुकत नव्हता. “चढ, पलीकडे दिसत नाही. उजवं तीन, कापू नको.”

मी गाडी कडेला घेतली.

“ताई, तुला हे पाठ होतं?”

“मीच सांगितलेलं ना तुला. चाराचं तीन केलेलं.”

“मग मी सरळ म्हणाले तेव्हा...”

“तेव्हा वाटलं, अरे, इथे तर तीन होतं.”

“मग ब्रेक का नाही मारलास?”

तिला प्रश्नच कळला नसावा, अशी ती माझ्याकडे वळली. माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत होती.

“तू सरळ म्हणालीस ना.”

मी रडायला लागले. डिंक, पट्टी, हजेरीपट, सगळं सांगितलं. किती वर्षांचं एकदम बाहेर आलं. तिने मध्ये एकदाही घाई केली नाही. पुढचं सांग म्हणाली नाही. पायसुद्धा हलला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “अक्षर तरी चांगलं आलेलं का पट्टीवर?”

“खूप.”

“बरं झालं. चल, बहीण जेवायला थांबलीय.”

तिच्या बहिणीकडे जेवलो. निघताना ती अंगणाच्या फाटकापर्यंत आली. मी गाडी सुरू केली, आरशात पाहिलं. ती मला बघत नव्हती, तिला दिसणारही नव्हतं. मान किंचित तिरकी करून ती गाडीचा आवाज ऐकत होती. पुढे शेताच्या बांधाशी गल्ली उजवीकडे वळते. मी तंद्रीत होते, जरा जोरातच निघाले होते.

आरशात तिचा हात वर गेला. तीन बोटं.

मी ब्रेक मारला.