टिचकी

धावड्याहून सुटलेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर चार दिवसांचं बाळ. ते शांत झालं, की ती त्याच्या तळपायाला टिचकी मारून त्याला रडवायची. मी तेव्हा दोन लेकरांची आई, म्हणजे स्वतःच्या मते बाळंतपणातली पंडितच! "कशाला छळून राह्यलीस गं त्याला?" म्हणत मी बाळ घेतलं आणि ऐटीत थोपटून गप्प केलं.

बाळ निळं पडलं.

तिनं ते ओढून घेतलं, टिचकी मारली. ते रडलं आणि पुन्हा गुलाबी झालं.

"जन्मापासून नाकाची वाट बंद हाय, ताई. रडलं तरच तोंडानं दम घेतंय. औरंगाबादला आपरेशन हाय, तवर रडलंच पाहिजे."

पुढचा सगळा रस्ता ती त्याला रडवत राहिली. स्वतः एकदाही रडली न्हाई.

काही महिन्यांनी ती त्याच एसटीत भेटली. बाळ तोंड मिटून गाढ झोपलेलं.

"डॉक्टरांनी नाकात वाट पाडली, नळ्या ठेवल्या. आता नळ्याबी काढल्या." तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि हसली. "घ्या ताई, आता थोपटा."

मला मेलीला थोपटायचा धीर होईना. मी त्याच्या नाकाखाली बोट धरलं. इवलासा कोमट वारा येत होता. भोकरदन येईस्तोवर ते बोट मला काढवलं न्हाई.