नळीवाल्यानं मोडलेला पट्टा

कल्पना करा, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक तुमच्या हातात आहे आणि दुसरं टोक उतारावर पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर आलं की तिथे खुंटी ठोकायची. खुंट्यांच्या त्या रेषेवर गवताचा पट्टा राखला की पावसात माती शेतातच थांबते. नळीवाल्यानं तीस वर्षं गावभर अशा रेषा आखल्या. कुणी पट्ट्यात नांगर घातला, तर तो त्याला चारचौघांत फैलावर घ्यायचा.

यंदा त्यानं स्वतःच्याच शेतातला पट्टा नांगरला. भुईमुगाच्या चार ओळी जास्त बसतील, एवढाच मोह. एका जोरदार सरीत त्याची माती वाहून खालच्या अंगाला चुलत वहिनीच्या मिरचीच्या रोपांवर बसली.

सकाळी वहिनी पाटीभर माती घेऊन दारात उभी.

"भावजी, तुमची पाहुणी आमच्याकडे मुक्कामाला आली होती. पोचवायला आले."

"रोपं मी पुन्हा लावून देतो, वहिनी."

"ते लावालच. पण पट्टा मोडला कुणी?"

'रानडुकरांनी' असं अगदी जिभेवर आलं होतं. त्यानं मान खाली घातली. "मीच."

वहिनीनं पाटी रिकामी केली आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात त्यानं पुन्हा गवताचे ठोंब लावले. गाव अजूनही त्याला बोलावतं, मानानं खुर्ची पुढे करतं. त्याला मात्र तिच्यावर बसवत नाही. वहिनीनं हे कुणालाच का सांगितलं नसेल?