अख्खी पाणीपुरी
एप्रिलमधला शनिवार, डोंबिवलीतला दातांचा दवाखाना. हजर: धाकटे दीर, सासूबाई आणि मी. आज दाढेला लवंगेचं तेल लावलं आणि त्या वासाने तो दिवस आठवला. सुपारी खाऊन खाऊन दिरांचे गाल आतून ताठ झाले होते. तोंडात चमचा जेमतेम जायचा, तिखटाने आग व्हायची. तपासायला काढलेल्या गालाच्या तुकड्यात कॅन्सर निघाला नाही, पण सुपारी कायमची बंद आणि रोज दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची थप्पी धरून व्यायाम, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. काड्यांसाठी आम्ही घरातल्या सगळ्यांनी कँड्या खाल्ल्या! त्या शनिवारी बाई काडीवर काडी सरकवत गेल्या. "अजून एक. आ करा!" बसली! सासूबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. "वहिनी, आता पाणीपुरी!" "शर्टावर सांडली तर तुम्हीच धुवायचा, भाऊजी." समोरच्या गाडीवर त्यांनी गोड पाण्याची पुरी अख्खी तोंडात टाकली आणि त्यांचे डोळे भरून आले. "तिखट लागली का रे?" सासूबाई घाबरल्या. "गोडच आहे गं आई!" दिरांच्या तपासण्या आता वेळच्या वेळी होतात. सासूबाईंचं तोंड डॉक्टरीणबाईंना दाखवायचं मात्र राहिलंय. जेवण झालं की त्यांचा अडकित्ता अजून वाजतो.