बाल्कनीचं दार

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या फ्लॅटवर त्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीची प्रार्थनासभा होती. विषय होता, देवाच्या सृष्टीत माणसाची जागा. शेवटची प्रार्थना माझ्याकडे होती. सगळ्यांनी डोळे मिटले आणि बाल्कनीत फडफड सुरू झाली. कबुतरं घाण करतात म्हणून आम्हीच लावलेल्या जाळीत एक कबूतर अडकलं होतं. मला त्याचा रागच आला. आत्ताच अडकायचं होतं का याला? हळूच उठून मी दार लावून घेतलं आणि मुक्या जिवांसाठी अगदी गहिवरून प्रार्थना केली. आमेन म्हणताना पाळकसाहेबही डोळे पुसत होते.

चहापाणी झालं, माणसं गेली, तेव्हा मला दार आठवलं. फडफड थांबली होती.

“जाऊ दे, आवाज सगळ्यांनीच ऐकला होता,” नवरा म्हणाला.

पण दार मी लावलं होतं.