पुडीत काय होतं

आता फोन केला की गाडी येते. भोंगा वाजतो, वर दिवे फिरतात, आतून रबरी मोजे घातलेली दोन माणसं उतरतात. परवा शेजारच्या म्हाताऱ्याला न्यायला आली तेव्हा मी ओट्यावर बसून सगळा तमाशा पाहिला. त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, आज कोणकोणतं औषध घेतलं?" म्हातारा म्हणाला, "काहीच नाही." खोटारडा. त्याच्या उशीखाली अर्धं मेडिकल स्टोअर आहे. त्यांनी उशी उचलली, गोळ्यांची पाकिटं वाचली आणि मगच सुईला हात लावला. घरचे लोक कुरकुरले, माणूस मरून राहिला अन् हे वाचत बसले.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बायकोची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगताना माझा आवाज बसतो. लिहिताना बसत नाही, म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं दुसरीकडे जावं.

सत्तर आणि ऐंशीच्या मधली वर्षं. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी मशीनवर होतो, आणि कारखान्याच्याच लायनीत, कामगारांच्या खोल्यांच्या रांगेत, राहत होतो. एका भिंतीला दोन संसार टेकलेले. इकडे फोडणी घातली की तिकडे शिंका. माझ्या बायकोला दमा होता, हे लायनीत सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून उपयोग काय, उन्हाळा लागला की आमच्या दारासमोर बाया तिखट कुटायला बसायच्याच.

कुटण्यात पुढे असायची ती लायनीतली मावशी. कोणाचीच सख्खी नाही आणि सगळ्यांची मावशी. तिच्या नवऱ्यालाही दमा, त्यामुळे दम्याच्या बाबतीत ती स्वतःला डॉक्टरच्या वर समजायची. त्या दिवशी सकाळपासून तिचं मुसळ चालू होतं. लाल धूळ उडून राहिली होती आणि माझी बायको आत खोकून राहिली होती. मी दोनदा बाहेर जाऊन म्हटलं, "मावशी, तिकडं बस ना वं." ती म्हणाली, "तिकडं ऊन आहे, जवाई." सावलीसाठी माणूस मारायची तयारी.

दुपारपर्यंत बायकोचा दम असा चढला की तिला आडवं होता येईना. खाटेवर बसून, पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून ती हवा ओढत होती. छातीत शिट्ट्या वाजत होत्या. मानेखालचा खड्डा दर श्वासाला आत जात होता. माझी दुसरी पाळी होती म्हणून मी घरी होतो. एका जणाला सायकलवर कारखान्यात पिटाळलं आणि गाडी मागवली.

गाडी म्हणजे पांढरी मेटाडोर, बाजूला लाल क्रॉस. रंग नवीन होता. गाडी मात्र साहेबांच्या पाहुण्यांसाठी, लग्नाच्या भांड्यांसाठी जास्त धावायची, आणि मधून कधी पेशंट सापडला तर पेशंटसाठी. त्या दिवशी ती आली तेव्हा मागे संत्र्याच्या पेट्या रचलेल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "मोठ्या साहेबाच्या आहेत, हात लावू नका." लायनीतल्या लोकांनी अर्ध्या पेट्या उतरवल्या, त्यातल्या काही उतरताना हलक्या झाल्या. लोकांची सेवावृत्ती मी त्या दिवशी जवळून पाहिली.

गाडीतून कंपाउंडर उतरला. कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत बसायचा. केसांना तेल चोपडलेलं, पॅन्टची इस्त्री मोडू नये म्हणून खाली बसताना विचार करणारा माणूस. कारखान्याच्या डॉक्टरनं त्याला दम्यासाठी दोन इंजेक्शनं द्यायची परवानगी दिली होती, आणि त्याचा तोरा एवढा की हा जणू स्वतः दोन्ही औषधं शोधून आला. पेटी उघडली. त्यात एक मोठी काचेची नळी होती, एक छोटी. पण फोडली एकही नाही. आधी बायकोचं मनगट धरलं आणि विचारलं, "हिले सकायपासून काय काय देल्लं?"

मी म्हटलं, "काही नाही."

"तुम्हाले एकट्याले नाही विचारलं. सगळ्याले विचारून राहिलो."

दारात अख्खी लाईन जमली होती. मागून एक रिटायर फिटर ओरडला, "अबे सुई दे ना गा! बाई निळी पडून राहिली अन् तू खानेसुमारी करून राहिला!"

"मोठी सुई शिरेत जाते, काका," कंपाउंडर तिकडे न पाहता म्हणाला. "हिच्या पोटात दम्याची गोळी असन, अन् वरून मी तेच औषध शिरेत सोडलं, त काळीज बंद पडन. गोळी अन् हे इंजेक्शन एकाच घरचे आहेत. मंग तुमी येता का खांदा द्याले?"

फिटर दोन माणसांच्या आड गेला. खांद्याचं नाव काढलं की आमच्याकडे गर्दी लगेच मागे सरते.

मग त्यानं बायकोला सांगितलं, "बाई, बोला. काही बी बोला."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, हवा ओढली आणि म्हणाली, "मर."

"एक शब्द," कंपाउंडर मला म्हणाला. त्याला राग आला नाही. "एका दमात एकच शब्द निंगते. लय वेळ नाही आपल्यापाशी. सांगा लवकर, काय देल्लं?"

तेव्हा मला कळलं की हा गप्पा मारत नाही, मोजून राहिला. माझी बायको एका दमात सासर, माहेर आणि मधली सगळी स्टेशनं घेणारी बाई. तिचा एक शब्द म्हणजे काय, ते माझ्याशिवाय तिथं कोणाला समजणार होतं?

बायकोची नजर दाराकडे गेली. दारात मावशी उभी होती, पदराचं टोक दातात धरून. ती बायकोला मान हलवून नाही नाही म्हणत होती.

इथं बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे झाडपाल्याचं औषध देणारा ते काय आहे हे सांगत नाही. सांगितलं की औषधाचा गुण जातो, अशी समजूत. देणारा पुडी देतो, घेणारा डोळे मिटून गिळतो, दोघंही तोंड शिवतात. पारशिवनीकडचा एक जण काविळीचं औषध द्यायचा. त्यानं बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. मेला तेव्हा औषधही सोबत घेऊन गेला, आणि लोक म्हणाले, काय नेमाचा माणूस! गुण टिकला, औषध गेलं. आता झाडाच्या मुळीला लावलेला हा नियम मावशीनं मेडिकलच्या गोळीला लावला होता.

माझ्या बायकोचाही त्यावर विश्वास होता. पण तिनं पुन्हा हवा ओढली. "पु," म्हणाली. पुढचा श्वास आला तेव्हा म्हणाली, "डी."

"पुडी? कोनाची पुडी?"

सगळी लाईन मावशीकडे वळली. मावशी दोन पावलं मागे सरकली. मी तिचा रस्ता अडवला.

"मावशी, काय होतं पुडीत?"

"सांगतलं त गुण जाते, जवाई."

"गुण जाते त जाऊ दे! माही बायको राहू दे!"

"तुमाले समजत नाही. आता कुठं लागू पडून राहिलं होतं."

"लागू? डोयानं पाह्य तिच्याकडं! काय लागू पडलं वं?"

मावशीनं पाहिलं. बायकोचे ओठ जांभळट झाले होते. मावशीच्या हातून पदर सुटला. "याहीच्या गोळ्या," ती म्हणाली. याहीच्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या. "दम्याच्या. कुटून मधात देल्ल्या. सकायी दोन, अन् जेवणाच्या वक्ताले अजून दोन. चांगल्यासाठीच देल्ल्या ना बापा!"

दाराबाहेर तिखट कुटलं, आणि त्याच हातानं गोळ्या कुटल्या. एकाच बाईनं दम लावलाही आणि उतरवायलाही घेतला. असं शेजारधर्माचं काम सरकारलाही जमत नाही.

कंपाउंडरनं मोठी नळी परत पेटीत ठेवली. छोटी काढली, दारातल्या उजेडाकडे धरून तिच्यावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "पोथी आहे का गा?" कोणीतरी हसलं. त्यानं औषध भरलं, "काळजाचं काही दुखणं?" विचारलं, मी नाही म्हटलं. मग तिच्या दंडाची चामडी चिमटीत धरली, सुई आडवी घातली, आणि दांडा आधी मागे ओढून पाहिला.

"रगत नाही आलं. म्हणजे शिरेत नाही," तो म्हणाला. "हे शिरेत गेलं का गडबड."

थोडं सोडलं आणि थांबला. मनगट धरलं. "बोला, बाई."

"थांब," बायको म्हणाली.

पुन्हा थोडं. पुन्हा थांबला. लोक चुळबुळ करू लागले. आमच्या लायनीत चांगला सुईवाला म्हणजे झटक्यात टोचणारा. हा तर दुधावरची साय काढावी तसं करून राहिला होता. तिचे हात थरथरायला लागले तेव्हा मी घाबरलो. तो म्हणाला, "या औषधानं थरथरतेच. नाडी ठीक आहे. बोला, बाई."

"काय... बोलू?"

दोन शब्द. मी भिंतीला टेकलो.

"नवऱ्याबद्दल बोला."

"कामाचा... नाही... अजिबात."

लाईन हसली. मीही हसलो. डोळ्यांत पाणी असताना हसलं की तोंड कसं वाकडं होतं ते मला बायकोनं नंतर करून दाखवलं. छातीतल्या शिट्ट्या हळूहळू उतरल्या. मग ती मावशीकडे वळली आणि मधे एकदाच थांबून म्हणाली, "मावशी, तुह्या नवऱ्याच्या गोळ्या मले देल्ल्या, मंग थो काय तिखट खाते का आता?"

मावशी पुढे मरेपर्यंत सांगत राहिली, की गुण तिच्या पुडीचाच होता, आणि तोंडानं सांगावं लागलं म्हणूनच दमा मुळातून गेला नाही. दर उन्हाळ्यात सांगायची. मुसळ मात्र तिनं पलीकडे नेलं, उन्हात.

बायको गेल्या हिवाळ्यात गेली. दम्यानं नाही, दुसऱ्याच दुखण्यानं. शेवटी तोंडाला नळी होती. डॉक्टर शिकलेले, मशीन नवीन, सगळे आकडे काचेवर दिसत होते. तिला बोल म्हणणारा कोणी नव्हता, आणि म्हटलं असतं तरी नळीतून ती काय बोलणार? मी बाजूला स्टुलावर बसून आकडे पाहत राहिलो. मला त्यातलं काही वाचता आलं नाही.

पुडीच्या त्या दिवशी मात्र तिला गाडीत घेतलं, उरलेल्या पेट्यांच्या शेजारी. दम उतरला तरी दवाखान्यात न्यावंच लागेल, कंपाउंडर म्हणाला. औषधाचा जोर ओसरला की दम परत चढू शकतो, आणि पोटातल्या गोळ्या अजून बाकी आहेत. तो नाडी धरून बसला आणि मला म्हणाला, "तुमी हिले बोलतं ठेवा. वाक्य तुटाले लागलं का मले सांगा."

हिंगण्यापासून नागपूरपर्यंत तिनं माझा उद्धार केला. लग्नात मी पाहुण्यांवर ओरडलो तिथपासून सुरुवात केली. माझी आई झाली, माझी विडी झाली, रविवारी मी झोपतो ते झालं. एवढ्या शिव्या डॉक्टरी हुकुमानं खाणारा नवरा मी एकटाच असेन. कंपाउंडर खिडकीबाहेर पाहत होता आणि गालात हसत होता. शहर लागायच्या आधी एका खड्ड्यात गाडी आपटली आणि बायको बोलता बोलता मधेच थांबली.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "काहून थांबली वं? बोल. अजून बोल."